हिरवा ढेकूण आणि एका झाडाचा पतंग

परवा सकाळी हॉलमधला पडदा सरकवला आणि टप्प करून काहीतरी पायापाशी पडलं. वाकून पाहिलं तर आमचे जुने पाहुणे! नखाएवढे, ढालीच्या आकाराचे, चॉकलेटी रंगाचे. ऑक्टोबर संपता संपता यांचं आगमन ठरलेलंच असतं. वरच्या मजल्यावरून लेक ओरडली, "आई, ढेकूण आला का गं?" शेजाऱ्यांना मराठी येत नाही हे किती बरं आहे, हे अशा वेळी कळतं.

तर मंडळी, घाबरू नका. हा गादीतला ढेकूण नव्हे. इंग्रजीत याला 'ग्रीन शील्ड बग' म्हणतात, शास्त्रीय नाव पालोमेना प्रासिना. ढेकणाच्याच मोठ्या खानदानातला, पण रक्ताला तोंड लावत नाही. सोंड खुपसून झाडांचा रस पितो. आपल्याकडे तुरीच्या शेंगांवर नि सोयाबीनवर जो हिरवा ढेकूण दिसतो ना, त्याचा हा चुलतभाऊ. चिमटीत धरलात तर असा वास सोडतो की दोनदा साबण लावूनही संध्याकाळच्या पोळीला तो वास येतो. (अनुभवाचे बोल!)

आज त्याच्याबद्दल लिहायचंय. आणि एका पतंगाबद्दल, जो पंख पसरलेला असा मी अजून एकदाही पाहिलेला नाही. आणि खरं सांगायचं तर अण्णांबद्दल. पण अण्णांपासून सुरुवात करायला गेले की दोन ओळींत थांबते. दोन वर्षं असंच चाललंय. म्हणून या वेळी ढेकणापासून सुरुवात.

लग्न होऊन मी २००३ साली स्विंडनला आले. स्विंडन म्हणजे इंग्लंडच्या विल्टशायर जिल्ह्यातलं शहर. इथे प्रसिद्ध काय, तर एक चौक. एका मोठ्या चौकात पाच छोटे चौक, अशी १९७२ सालची करामत. पहिल्या उन्हाळ्यात मागच्या अंगणात घेवडा लावला. (सासूबाईंनी बी पाठवलं होतं. कस्टमवाल्यांनो, आता माफ करा.) त्या घेवड्यावर पहिला हिरवा ढेकूण दिसला. सातारा सोडल्यावर भेटलेला पहिला ओळखीचा चेहरा! मी त्याला आपल्या तुरीवरचाच समजले. पुढे कधीतरी कळलं की हा वेगळा. तुरीवरचा तो नेझारा. त्याच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली, तीन बारीक पांढरे ठिपके असतात, आणि पंखांचं टोक फिकट असतं. इथल्याचं टोक गडद तपकिरी. गंमत म्हणजे तो नेझाराही इथे आलाय. त्याची इंग्लंडमधली वीण पहिल्यांदा सापडली ती लंडनमध्ये, २००३ सालीच. म्हणजे आम्ही एकाच बॅचचे.

या ढेकणाचं मला पहिल्यापासून कौतुक. का, तर त्याचं कुठेच काही अडत नाही. हेझल चालतं, बर्च चालतं, रासबेरी चालते, सासूबाईंचा घेवडाही चालतो. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी पानाच्या मागे पंचवीस-तीस अंडी चिकटवते, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नीट. पिल्लं पाच वेळा कात टाकतात आणि सप्टेंबरपर्यंत मोठी होतात. मग थंडी आली, पानं पिवळी पडली की हे महाशय स्वतःच तपकिरी होतात, पालापाचोळ्यात दडी मारतात, आणि वसंतात पुन्हा हिरवे! जसं गाव तसा रंग.

मला तर तो आरसाच वाटायचा. मीही कुठे काय वेगळं केलं? इथे आले, पहिल्याच हिवाळ्यात तपकिरी झाले. भाकरीच्या जागी ब्रेड, आमटीच्या जागी डब्यातलं सूप. ऑफिसच्या फोनवर माझा आवाज वेगळा आणि साताऱ्याच्या फोनवर वेगळा. लेक लहानपणी विचारायची, "आई, आत्ता तू कोणती आहेस?" मला याचा अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? कुठेही टाका, उगवून दाखवते, असा थोडा तोराच.

आता पतंग.

२०१९ च्या डिसेंबरात ऑफिसातल्या एका बाईंनी मला शनिवारी खड्डे खणायला नेलं. तेव्हा इंग्लंडमध्ये 'बॅक फ्रॉम द ब्रिंक' नावाचा मोठा उपक्रम चालू होता. नामशेष व्हायच्या बेतात आलेले जीव वाचवण्यासाठी. त्यातल्या एका पतंगासाठी आमच्या भागात झुडपं लावायची होती. पतंगाचं नाव 'बार्बेरी कार्पेट'. कार्पेट म्हणजे गालिचाच. या घराण्यातल्या पतंगांना हे नाव अठराव्या शतकात पडलं, तेव्हा गालिचा ही श्रीमंतांच्या घरातली चीज होती. पंखांवरची नक्षी तशी म्हणून. फोटो पाहाल तर राखाडी-तपकिरी, मधे एक गडद पट्टा, इंचापेक्षा थोडा मोठा. दिव्यापाशी आला तर आपण झाडूनच टाकू. तरीही इथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिलंय. परवान्याशिवाय हातही लावायचा नाही.

त्याची अडचण एकच. त्याची अळी इथे रानटी बार्बेरीचा पाला खाते. बस. दुसरं काही नाही.

बार्बेरी म्हणजे आपल्या दारुहळदीची सख्खी बहीण. तेच काटे, तसंच आतलं पिवळंजर्द लाकूड, तसंच कडू द्रव्य. मुंबईत इराण्याकडच्या बेरी पुलावात जी आंबट लाल फळं असतात, तीही याच झुडपाची. त्या कडू द्रव्यामुळे फारसे किडे तिच्याकडे वळत नाहीत. या पतंगाने तेवढं पचवायला शिकून घेतलं आणि हजारो वर्षं निवांत संसार केला. पंगतीत गर्दी नाही, भांडण नाही. म्हणजे पतंग मूर्ख होता असं नाही हं. सौदा चांगलाच होता.

मग झुडपं गेली कुठे? मी फावडं मारता मारता विचारलं. आमच्या गटाच्या म्होरक्या बाई म्हणाल्या, शेतकऱ्यांनी काढली, गव्हावरच्या 'रस्ट'मुळे. मला वाटलं गंज. कसला गंज? त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. गव्हाची काडी, तिच्यावर लांबट लालसर फोड, बोटाला लागलेली तांबूस पूड.

अहो, हा तर तांबेरा!

तुमच्यातल्या शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. तांबेरा ही बुरशी. तिची काही काळ्या खोडाची, काही पानावरची अशी वेगवेगळी भावंडं आहेत. त्यातली खोडावरची फार वाईट. उभ्या पिकाच्या काडीतून सगळं ओढून घेते आणि ओंबीत दाण्याऐवजी फोलपट राहतं. या बुरशीला थंड देशांत आयुष्याचा अर्धा भाग गव्हावर आणि अर्धा बार्बेरीवर काढावा लागतो. वसंतात बार्बेरीच्या पानामागे नारिंगी वाट्या येतात, त्यातून बीजाणू उडतात ते गव्हावर. शेतकऱ्यांना याचा संशय फार आधीपासून होता. फ्रान्समधल्या रूआँ गावी १६६० साली बार्बेरी तोडायचा कायदा झाल्याचं सांगतात. शास्त्रज्ञ हसायचे. शेवटी १८६५ मध्ये आंतोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं, शेतकरी बरोबर होते. मग काय, इंग्लंडच्या कुंपणांतून बार्बेरी उपटली गेली ती गेलीच. आणि तिच्यासोबत पतंग. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये तो सफक परगण्यात एकाच ठिकाणी उरल्याचं माहीत होतं. पुढे शोधल्यावर विल्टशायर, ग्लॉस्टरशायर, डॉर्सेटमध्ये थोडा थोडा सापडला. जिथे एखाद्या जुन्या कुंपणात दोन-चार झुडपं चुकून राहिली होती, तिथे.

मला गलबलून आलं. एका झाडावर जीव लावलेला पतंग, आणि ते झाडच माणसांनी उपटलेलं! त्याच संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. अण्णांना सगळं रंगवून सांगितलं. शेवटी म्हटलं, "बघा ना अण्णा, किती वाईट."

पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "तांबेरा येत हुता म्हंतीस ना त्या झाडापासनं?"

"हो."

"मग बरूबर केलं की. म्या बी उपटलं असतं."

आत्या, आता तू हे वाचत असशील तर ही गोष्ट तुझीच आहे. तुझं लग्न ठरलं त्या वर्षीची. अण्णा तेव्हा विशीतही नव्हते. फेब्रुवारीत गहू पोटरीतून बाहेर आलेला, आजोबांनी मनातल्या मनात हिशेब केलेला. एक दिवस अण्णा बांधावरून गव्हातून चालत आले आणि धोतर गुडघ्यापासून खाली तांबडं. आजीला वाटलं पोराला लागलंय. आजोबांनी धोतराला बोट लावलं, पाहिलं, आणि तिथेच खाली बसले. लग्न झालं, पण आजीच्या पाटल्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. अण्णांनी नंतर शेत हातात घेतलं तेव्हा त्या तुकड्यात खपली पेरायला सुरुवात केली. उत्पन्न कमी, मळणीला कटकट, टरफल सुटता सुटत नाही, पण तांबेऱ्याला दाद देत नाही. अण्णा आजही म्हणतात, "खपलीनं मला झोप दिली."

(याचा एक छान धागा मला नंतर सापडला. अमेरिकेत स्टॅकमन नावाच्या शास्त्रज्ञाने तांबेऱ्याच्या उपजाती ओळखण्यासाठी १२ गव्हांचा संच ठरवला होता. त्यात एकाचं नाव चक्क 'खपली'! अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग? आमाला काय ते म्हाईत नव्हतं व्हय?")

आणि आपल्याकडे बार्बेरीचा दोष नाही हेही वाचलं. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं की भारतात तांबेऱ्याला दारुहळदीची गरज पडत नाही. मैदानातला गहू कापला की उन्हाळ्यात तो थंड डोंगरांवर तग धरतो, निलगिरी-पळणीत, हिमालयात. पुन्हा पेरणी झाली की वाऱ्यावर बसून खाली येतो. आपल्या महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावरचं संशोधन केंद्र आहे, ते अशाच थंड हवेमुळे. आपण तिथे स्ट्रॉबेरी खाऊन परत येतो.

तर अण्णांच्या त्या उत्तराने माझ्या गलबलण्याची हवाच गेली. पतंग बिचारा खरा, पण आजीच्या पाटल्याही खऱ्याच की. मी त्या दिवशी लावलेली चार रोपं डोळ्यांसमोर आली आणि पहिल्यांदाच जरा अपराधी वाटलं. कुणाचे अपराधी, ते मात्र कळेना.

मग २०२२ मध्ये आई गेली.

त्याबद्दल इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

अण्णा एकटे पडले. वय ७१, घर मोठं, विहिरीच्या बाजूला सात पायऱ्या. चुलतभाऊ शेजारीच राहतो, पण त्याचाही संसार आहे. मी ठरवून टाकलं, अण्णांना इकडे आणायचं. कायमचं आणणं इथल्या नियमांत जवळजवळ अशक्य, पण व्हिजिटर व्हिसावर सहा महिने तर जमतं. सहा महिने इथे, सहा तिथे. नवऱ्याने खालच्या खोलीत पलंग लावला, लेकीने दारावर मराठीत 'आजोबा' लिहिलं, त्यातला 'जो' उलटा. २०२३ च्या मे महिन्यात अण्णा आले.

ते एकदाही कुरकुरले नाहीत. हेच सगळ्यात अवघड होतं.

पहाटे चारला उठून बसायचे. उन्हाळ्यात इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड. म्हणायचे, "दिस मावळायचं नाव न्हाई, मग जेवायचं कधी?" मी ज्वारीची भाकरी करायची. ते एक खायचे, "झ्याक झालीया" म्हणायचे, आणि दुसरी घ्यायचे नाहीत. एकदा लेकीने विचारलंच, "आजोबा, तुला नाही आवडली का?" तर म्हणाले, "आवडली की. पीठ जुनं हाय, त्येला तुजी आई काय करंल?" रोज त्या प्रसिद्ध चौकापर्यंत फिरायला जायचे आणि कठड्याला टेकून गाड्या बघत उभे राहायचे. "एवढ्या चकरा मारून ही मानसं जात्यात तरी कुठं?" पट्ट्याला एक नवं भोक पडलं, मग दुसरं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं नॉर्मल. रिपोर्टमध्ये येईल असं काहीच नव्हतं.

घेवड्यावरचा ढेकूण पाहून मात्र खूश झाले. "आरं, हा तर आपल्या तुरीवरचा!" मी लगेच पंखांचं टोक दाखवून, ठिपके नाहीत हे दाखवून दुरुस्ती केली. ते म्हणाले, "आसंल." आणि आत गेले. आता वाटतं, काय गरज होती ठिपके मोजायची? मी स्वतः पहिल्या उन्हाळ्यात तेच म्हटलं होतं ना?

सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्या गटाची अळ्या शोधायची फेरी होती. या पतंगाच्या वर्षाला दोन पिढ्या, आणि दुसरीच्या अळ्या ऑगस्ट-सप्टेंबरात झुडपावर असतात. नंतर त्या मातीत कोष करून हिवाळा काढतात. अण्णांना म्हटलं, चला, बाहेर पडणं होईल. एका जुन्या कुंपणात बार्बेरीची तीन झुडपं होती. पद्धत सोपी. झुडपाखाली पांढऱ्या कापडाचा चौकोन धरायचा आणि वर काठीने हलकेच ठोकायचं. पालापाचोळा पडतो, कोळी पडतात, आणि नशीब असेल तर...

पडली! पेराएवढी, मळकट तपकिरी, काडीसारखी ताठ. मग पाठीची कमान करत चालू लागली. "उंटअळी!" अण्णा लगेच म्हणाले. परवाना असलेल्या बाईंनी ती ब्रशने उचलून पुन्हा पानावर ठेवली, वहीत वेळ लिहिली, आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. त्या दिवशी एवढीच एक सापडली.

अण्णा बराच वेळ पानाकडे बघत होते. मग मला म्हणाले, "इचार त्यास्नी, दुसरा पाला घातला तर?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, नाही खात.

"उपाशी मरंल?"

"हो. मरेल, पण खाणार नाही."

अण्णांनी मान हलवली. शेजारच्या शेतात नुकताच कापलेला गहू होता. खुंट तसेच उभे. ते तिकडे वळले, वाकून एक काडी उपटली, नखाने खरवडली, उजेडात धरून पाहिली. सवयच ती. मग पावलं मोजत कुंपणापर्यंत आले.

घरी परतताना गाडीत मी बोलायला काहीतरी हवं म्हणून सांगितलं, की इंग्लंडमध्ये खोडाचा तांबेरा संपला असं मानलं जात होतं. पण २०१३ मध्ये सफकमध्ये गव्हाचं एक रोप सापडलं, लागण झालेलं. जवळजवळ ६० वर्षांत पहिल्यांदा. एकच रोप! पण त्याच्यावरची बुरशी प्रयोगशाळेत तपासली तर इथल्या गव्हाच्या ८० टक्क्यांहून जास्त वाणांना ती लागू शकते असं निघालं. म्हणजे आता पुन्हा तोच पेच आहे. बार्बेरी लावावी तर गव्हाला भीती, न लावावी तर पतंग जातो.

मला वाटलं आता म्हणतील, उपटून टाका. पण अण्णा म्हणाले, "लावा की. पन गव्हापासनं लांब लावा. माळाला लावा, देवळाच्या मागं लावा. दोगास्नी बी जगायचंय." (इथले जाणकारही आता हेच सांगतात. गव्हाच्या शेतांपासून लांब जागा बघा. अण्णांनी कोणता अहवाल वाचला कोण जाणे.)

मग बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर बघत, "एक बरं हाय. त्या किड्याला उचलून दुसरीकडं न्हेत न्हाईत. झाडच लावत्यात, हाय तिथंच."

ते अळीबद्दलच बोलत होते. मला अजूनही खात्री आहे की ते अळीबद्दलच बोलत होते. अण्णा आडून बोलणारे नव्हेत. पण मला पुढचा सिग्नल दिसला नाही. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

चार महिने मी काय करत होते? अळीला पाला बदलून बदलून बघत होते. हा खाते का, तो खाते का. ताजी भाजी, मराठी चॅनेल, इंडियन दुकानातून आणलेलं पीठ. आणि ती खात नाही म्हणून मनातून थोडी रागावतही होते. मला जमलं, यांना का नाही जमत? खरं सांगते, हा विचार आला होता. ढेकणाने पतंगाला असंच विचारलं असतं.

अण्णांना मी त्या रात्री पतंगाची उपमा सांगून पाहिली. तुम्ही म्हणजे पतंग आणि मी म्हणजे ढेकूण, वगैरे. म्हणाले, "मी काय नामशेष व्हाया लागलोय व्हय? आन तू ढेकूण कशापायी? नीट झोप." उपमेचा निकाल लागला.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. पतंग वाचवायचा तर पतंगाला काही शिकवायचं नसतं. त्याचं झाड उभं राहील एवढं बघायचं असतं. जुनं कुंपण ऐन मोसमात यंत्राने छाटलं जात नाही ना, झुडपाला ऊन लागतं ना, एका झुडपापासून दुसरं त्याला उडून जाता येईल एवढ्या अंतरावर आहे ना. सगळं काम झाडाचं. आणि हे काम कोण करणार? ज्याला कुठेही जाता येतं, कुठलाही रस पचतो, रंग बदलता येतो, तोच. माझ्या त्या तोऱ्याचा उपयोग इथे होता. वीस वर्षं मी तो चुकीच्या जागी मिरवत होते.

नोव्हेंबरचं तिकीट बदलून अण्णा ऑक्टोबरात परत गेले. विमानतळावर लेक रडली, मी रडले, अण्णा व्हीलचेअर नको म्हणून त्या मुलाशी भांडत होते.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. विहिरीच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवला. चुलतभावाच्या बायकोशी मी एकदा नीट, सगळा हिशेब मांडून बोलले. 'वहिनी बघेल' असं धरून चालणं बंद केलं. सकाळच्या कामाला एक बाई लावल्या. आणि ऑफिसला सांगितलं, दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी मी गावाहून काम करणार. वाटलं होतं भांडण होईल, पण वीस मिनिटांत झालं. वीस मिनिटं! हे आईच्या वेळी का नाही विचारलं, हा प्रश्न मात्र उरलाच. त्याला काही उत्तर नाही, आणि मी आता ते शोधतही नाही.

दोन हिवाळे झाले. २०२४ ला गेले, यंदा २०२५ लाही. नेट जातं, लाइट जाते, विहिरीजवळ उभं राहिलं तर कॉल लागतो. लंडनच्या लोकांना माझ्या मीटिंगमध्ये म्हैस ऐकू येते. फेब्रुवारीत एक दिवस संध्याकाळी अण्णांबरोबर खपलीतून चालत बांधापर्यंत गेले. घरी आल्यावर सहज सलवारीकडे पाहिलं. गुडघ्यापासून खाली धूळ होती, कुसळं होती, बाकी पांढरी. अण्णाही पाहत होते. दोघंही काही बोललो नाही. पट्टा त्यांनी जुन्या भोकावर परत आणलाय, हेही मी पाहिलं.

गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "तुजी ती झाडं जगली का?"

मी म्हटलं, चारातली तीन जगली, एक वाळलं.

"गहू किती लांब हाय तिथनं?"

"एक टेकडी मधे आहे, अण्णा."

"मग बरं."

आणि तो पडद्यातला ढेकूण? त्याला कोणता कायदा नाही, परवाना नाही, कुणी शनिवारी खड्डे खणत नाही. गरजही नाही, असं आपण म्हणतो. लेकीने त्याला कागदावर घेतलं आणि मागच्या शेडमध्ये पाचोळ्याच्या पोत्याजवळ ठेवून आली. घरात हीटिंगने वाळतो म्हणे. तपकिरी झालेल्यांनाही थोडी थंडी आणि थोडा पाचोळा लागतोच की.

एप्रिलात हिरवा होऊन बाहेर येईल. मी तोवर परत आलेली असेन.

असो. आत्या, पाटल्यांची गोष्ट लिहिली म्हणून रागावू नकोस. जानेवारीत भेटूच.